हॉलच्या छताला कंगणी (कॉर्निस) करावी का? मध्ये बीम आहे

गुलबक्षी | ९ ऑक्टोबर, रात्री १०.४०

पाऊस एकदाचा संपला, आता रंगकाम काढायचंय. कोथरूडमधली १९९३ ची इमारत, चौथा मजला, वर आणखी एक मजला आहे. हॉल १२ बाय १४. जमिनीपासून स्लॅबपर्यंत टेप लावून मोजलं, ९ फूट ३ इंच. फॉल्स सीलिंग नको यावर घरात एकमत आहे (दुर्मीळ योग). त्यात अर्धा फूट जातो, पंखा खाली येतो, आणि आमचे सहाफुटी चिरंजीव स्वेटर काढताना हात सरळ वर करतात.

पण भिंत आणि छत जिथे मिळतात तिथे आमच्याकडे रेष अशी नाहीच. मागच्या रंगाऱ्याने पिवळा कुठे खाली थांबवलाय, कुठे पांढऱ्यात घुसवलाय. सोफ्यावर आडवं पडलं की नकाशातला नदीकाठ बघितल्यासारखं वाटतं. जावेकडे पीओपीची (प्लास्टर ऑफ पॅरिसची) साधी कॉर्निस, म्हणजे त्या सांध्यावरून फिरणारी पट्टी, केली आहे, फॉल्स सीलिंग न करता. ती खोली उगाचच नीटनेटकी वाटते. फर्निचर आमच्यासारखंच, पसारा आमच्याहून जास्त.

अडचण बीमची. खिडकीच्या भिंतीपासून साधारण सहा फुटांवर, बारा फुटी बाजूला समांतर, ९ इंच रुंद बीम जातो आणि स्लॅबच्या खाली १० इंच लोंबतो. रंगारी म्हणतो, "मॅडम, चारी बाजूंनी मारून देतो, काळजी नको." बीमचं काय करणार विचारलं तर म्हणाला, "बघू." या "बघू"ची मला भीती वाटते.

करावी का? कशाची? केवढी? फोटो टाकायचा प्रयत्न केला, चढत नाहीये.

---

बिनभिंतीचा | ९ ऑक्टोबर, रात्री ११.०५

करा. पालींना सरकारी निवासस्थान मिळेल. हलके घ्या.

---

सागवान | १० ऑक्टोबर, सकाळी ७.५०

साइटवर निघायच्या आधी थोडं लिहितो, बाकी रात्री.

कॉर्निस सजावटीसाठी असते हे अर्धंच खरं. छताचं प्लास्टर आणि भिंतीचं प्लास्टर वेगवेगळ्या दिवशी होतं, आणि तो कोपरा कुणीच गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून करत नाही. त्या सांध्याला बारीक तडे जातात, रंगाची कड वाकडी येते. तिथे पट्टी आली की वाकडेपणा झाकला जातो आणि रंगाऱ्याला ब्रश टेकवायला कड मिळते. जावेची खोली नीटनेटकी दिसते ती यामुळे. डोळ्याला कुठे थांबायचं ते कळतं.

मापाबद्दल. दुकानात "चार इंची कॉर्निस" म्हणतात तेव्हा ते भिंतीवरचे चार आहेत, छतावरचे चार आहेत की तिरप्या तोंडाचे, ते आधी विचारा. तिन्ही आकडे वेगळे. तुमच्या सव्वानऊ फुटांना भिंतीवर तीन आणि छतावर तीन, एवढी बास. फार तर साडेतीन. पाच-सहा इंची नक्षीदार घेतलीत तर खोलीने डोक्यावरून मफलर गुंडाळल्यासारखं दिसेल.

पैसे देण्याआधी एक करा. फ्रिज नाहीतर टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, तीन इंची आणि पाच इंची पट्ट्या कापा, वर एका कोपऱ्यात कागदी टेपने चिकटवा आणि दोन दिवस राहू द्या. दिवसा बघा, ट्यूबलाइटमध्ये बघा, आडवे पडून बघा. खर्च शून्य.

बीमचं रात्री.

---

खडूस_काका | १० ऑक्टोबर, सकाळी ९.३०

शीर्षकात कंगणी हा शब्द वाचून बरं वाटलं. आपला जुना शब्द आहे. कंगोराही तसाच जुना. विषयाला कंगोरे असतात म्हणतो, ते कंगोरे मुळात सुतार आणि गवंड्याकडचे.

शब्द आवडला म्हणजे वस्तू आवडली असं नव्हे. आमच्या वाड्यात कडीपाटाचं छत होतं. सागवानी कड्या, त्यावर पाट, वर माती. दिवाणखान्यात तक्तपोशी, म्हणजे खालून लाकडी फळ्यांचं आच्छादन. तिथे कुणाला पट्टी चिकटवायची गरज पडली नाही, कारण लाकूड भिंतीत कसं शिरतं ते उघड दिसायचं आणि ते दिसणंच देखणं होतं. आता काँक्रीटच्या खोक्याला पीओपीची वेलबुट्टी लावायची, तिला सोनेरी पावडर मारायची, मग घर कसलं, लग्नाचा हॉल. अक्षता तेवढ्या ठेवा हाताशी.

साधा चुन्याचा पांढरा हात द्या सगळीकडे, भिंतीला आणि छतालाही. नदीही नको आणि काठही नको.

---

चुना_सुरखी | १० ऑक्टोबर, दुपारी १.१५

काका, वेलबुट्टीबद्दल सहमत, बाकीच्याबद्दल नाही. माझं काम जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं, त्यामुळे या विषयावर बोट थांबत नाही, आधीच माफी मागतो.

कंगणीचा जन्म घराबाहेरचा. ग्रीक देवळांत खांबांच्या डोक्यावर तीन थर असतात: खाली तुळई, मध्ये पट्टा आणि सगळ्यात वर पुढे आलेली कॉर्निस. पुढे येण्याचं कारण पाऊस. पाणी भिंतीवरून ओघळू नये, कडेवरून थेंब सुटून लांब पडावेत. आपला छज्जाही हेच करतो. नंतर तीच कड घरात आली. आत पाऊस नाही, पण देवळाचा थाट हवा होता. म्हणजे ज्या वस्तूचं काम पाणी उडवणं, ती खोलीत शिरली आणि आता पाण्यानेच सर्वात आधी खराब होते.

मुंबईत दादर-माटुंगा आणि मरीन ड्राइव्हच्या १९३० आणि ४० च्या दशकांतल्या इमारतींमध्ये अजून चांगल्या कंगण्या बघायला मिळतात. मरीन ड्राइव्हचा आर्ट डेको पट्टा २०१८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला, तो दर्शनी भागांमुळे. पण आतल्या खोल्यांत डोकं वर केलं तर दोन-तीन पायऱ्यांची सरळ कंगणी दिसते. ना फूल ना पान, नुसत्या सरळ रेषा आणि त्यांच्या सावल्या. छत अकरा-बारा फुटांवर असल्यामुळे आठ इंचांची कंगणीही तिथे अंगावर येत नाही.

ती करायची पद्धत बघण्यासारखी. साचा विकत आणायचा नाही. पत्र्यावर कंगणीचा आडवा छेद कापायचा, तो लाकडी घोड्याला (हाताने सरकवायच्या चौकटीला) ठोकायचा, भिंतीवर सरळ फळी मारायची आणि ओलं प्लास्टर थापत थापत तो पत्रा फळीवरून एका दमात ओढत न्यायचा. पुन्हा थापा, पुन्हा ओढा. चार-पाच फेऱ्यांत पूर्ण आकार उतरतो, बारा फुटांत एकही जोड नाही. फक्त कोपऱ्यात पत्रा पोचत नाही, तिथला शेवटचा फूटभर भाग कारागीर हाताने घडवतो. जुन्या घरात कारागीर कसा होता हे जोखायचं तर मी कोपरे बघतो.

आता पीओपी साच्यात ओततात, मजबुतीला काथ्या घालतात आणि सहा-आठ फुटी तुकडे वर चिकटवतात. वाईट पद्धत नाही, पण दर तुकड्याला एक जोड येतो आणि त्या जोडावर हात कसा फिरवलाय त्यावर सगळं ठरतं. पीओपी म्हणजे भाजलेला जिप्सम. साधारण १५० अंश सेल्सिअसला त्यातलं पाऊण पाणी उडतं. आपण पाणी घातलं की ते परत पिऊन दगड होतो, पंधरा-वीस मिनिटांत. म्हणून कारागीर घमेलंभर कधीच कालवत नाही. एखाद्याने भरपूर कालवलं आणि घट्ट व्हायला लागल्यावर वरून पाणी मारून सैल केलं, तर त्याला तिथेच थांबवा. तो माल नंतर खडूसारखा भुरभुरतो.

---

बाब्या_एडिसन | १० ऑक्टोबर, रात्री ८.५०

न्यू जर्सीहून नमस्कार. इकडे याला क्राउन मोल्डिंग म्हणतात आणि दर दुसऱ्या घरात असतं. आमच्या घरात नव्हतं, म्हणून मी (मराठी माणूस, स्वावलंबन, मजुराचा तासाचा दर ऐकून आलेली चक्कर) स्वतः करायला घेतलं.

इथे घरं लाकडी सांगाड्याची, भिंती जिप्सम बोर्डाच्या, त्यामुळे पट्टीही लाकडाची किंवा एमडीएफची (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीची), खिळ्यांनी ठोकायची. पट्टी भिंतीला सपाट चिकटत नाही, भिंत आणि छत यांच्यामध्ये तिरपी बसते. म्हणून कोपऱ्याचा काप दुहेरी तिरपा. बाजारात जास्त करून मिळणारी पट्टी भिंतीशी ३८ अंशांवर बसते. ती करवतीवर आडवी ठेवून कापायची तर करवत ३१.६ अंश वळवायची आणि पातं ३३.९ अंश कलंडवायचं. हे आकडे मला बायकोच्या वाढदिवसापेक्षा पक्के पाठ आहेत, कारण पहिल्या दिवशी चार पट्ट्या फुकट घालवल्या. दोन उलट्या कापल्या, एक आखूड झाली, चौथीचं काय झालं ते कळलंच नाही.

मग शेजारच्या म्हाताऱ्या सुताराने शहाणं केलं. म्हणाला, आतल्या कोपऱ्यात दोन्ही पट्ट्या तिरप्या कापून भिडवू नकोस, कारण कोपरा कधीच ९० चा नसतो. पहिली पट्टी सरळ कोपऱ्यापर्यंत घुसव. दुसरीच्या टोकाला पहिलीच्या नक्षीची बाह्यरेषा बारीक करवतीने कोर आणि तिच्यावर चपखल बसव. कोपरा ८८ चा असो की ९२ चा, फट दिसत नाही. हे एक कळलं आणि उरलेलं घर दोन शनिवारांत झालं.

दुसरं, थंडीत छताच्या कैच्या (छत पेलणारे लाकडी त्रिकोणी सांगाडे) किंचित वर वाकतात आणि घराच्या मधल्या भिंतींवर पट्टी आणि छत यांच्यात फट पडते. उन्हाळ्यात आपोआप मिटते. मी दोन वर्षं दर जानेवारीत ती भरत होतो. आता तिथली पट्टी फक्त छताला ठोकली आहे, भिंतीला नाही, म्हणजे छताबरोबर ती वरखाली होते. तुमच्याकडे काँक्रीट आहे, ही भानगड नाही. सुखी आहात.

---

गुलबक्षी | १२ ऑक्टोबर, रात्री ९.२०

सगळ्यांचे आभार. पुठ्ठ्याचा प्रयोग केला. कोपऱ्यात एका बाजूला तीन इंची, दुसऱ्या बाजूला पाच इंची, दोन दिवस.

पाच इंची पहिल्या संध्याकाळी भारी वाटली. दुसऱ्या सकाळी चहा घेताना वर बघितलं तर छत खाली उतरल्यासारखं दिसत होतं. तीन इंची दोन दिवसांत कुणाच्या लक्षातच आली नाही. सासूबाई म्हणाल्या, "हे काय, अजून लावलंच नाहीस का?" माझ्या मते हाच पास शेरा. तर तीन इंच, आत वळलेली साधी गोलाई, नक्षी नाही. काका, सोनेरी पावडर नाही. अक्षता परत डब्यात.

आता पीओपीची करू की दुकानात ती हलकी पांढरी तयार पट्टी मिळते ती? दुकानदार म्हणाला, घरीच चिकटवा, धूळ नाही, एका दिवसात काम. आणि सागवान, बीम!

---

माळ्यावरची | १२ ऑक्टोबर, रात्री १०.१०

थांब गं बाई! हलक्या पांढऱ्यांत दोन जाती असतात. एक पॉलियुरेथेनची. ती कडक, नखाने सहज दबत नाही, महाग. दुसरी सरळ सरळ थर्माकोल, वर नीट लेप दिलेला.

मी ठाण्याला भाड्याच्या घरात होते तेव्हा दुसरी आणली. घरात लाकडाला वापरायचा पिवळट गोंद होता, तो उग्र वासाचा. म्हटलं हाच लावू. पट्टीच्या पाठीवर ओढला आणि डोळ्यांदेखत पट्टी आत आत जायला लागली. अक्षरशः वितळली, जिलबीच्या पिठात बोट घातल्यासारखी. त्या गोंदातलं द्रावण थर्माकोल विरघळवतं हे मला नंतर भावाने सांगितलं. उरलेल्या पट्ट्या पाण्यावर आधारलेल्या गोंदाने लावल्या, त्या नीट बसल्या. मग मी हुशार, पुसता यावं म्हणून वर ऑइल पेंट. परत तोच तमाशा, पृष्ठभागाला देवीचे व्रण.

शिवाय थर्माकोल पेट घेतो. देवघराच्या, गॅसच्या आसपास तर नकोच नको.

आताच्या घरी सगळ्यात वरचा मजला आहे, गच्चीखाली. आधीच्या मालकांनी पीओपीची केली होती. एका पावसात कोपऱ्यात ओल आली आणि पट्टीला चहाच्या डागासारखा पिवळा ओघळ. वरून किती रंग द्या, डाग परत वर येतो. शेवटी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून तेवढा तुकडा काढून नवीन बसवला. तुला हा त्रास नाही, वर मजला आहे. पण वरच्यांचं बाथरूम तुझ्या हॉलवर येत नाही ना, तेवढं बघ.

---

सागवान | १२ ऑक्टोबर, रात्री ११.३०

दोन दिवस साइटवर अडकलो, क्षमस्व. माळ्यावरची यांच्या पोस्टला +१. तुमच्या हॉलला पीओपी करा. भिंती आपल्या इतक्या वळणावळणाच्या असतात की कडक तयार पट्टी मागे फटी सोडते. पीओपीला मागून माल भरता येतो.

आता बीम. तीन मार्ग आहेत, "बघू" धरून चार.

पहिला: बीम मध्ये नाहीच असं समजून फक्त भिंतींच्या कडेने पट्टी न्यायची आणि बीमला धडकली की तोडायची. हे करू नका. बीमच्या अंगाला कापलेली तोंडं दिसतात, खारीने कुरतडल्यासारखी.

दुसरा: बीममुळे छताचे दोन चौकोन झालेत हे मान्य करायचं. दोन वेगळ्या खोल्या असाव्यात तशी दोन्ही चौकोनांना स्वतंत्र पट्टी फिरवायची, बीमच्या दोन्ही अंगांवरही. बीम छताच्याच रंगात. मग तो मधल्या चौकटीसारखा दिसतो. आधीपासून ठरवून केल्यासारखा.

तिसरा: पट्टी वर न लावता बीमच्या पोटाच्या रेषेत, म्हणजे ८ फूट ५ इंचांवर, चारी भिंतींना चपटी पट्टी मारायची आणि तिच्यावरचं सगळं, भिंतीचा वरचा भाग, बीम, छत, एकाच पांढऱ्यात. बीम त्या पांढऱ्यात हरवतो. खोली मोठी असेल तर हा माझा आवडता मार्ग. पण तुमच्याकडे भिंत-छताचा वाकडा सांधाच झाकायचाय, तो यात उघडा राहतो.

दुसरा मार्ग घेतलात तर मापाचं डोक्यात ठेवा, कारण काम रनिंग फुटावर, म्हणजे पट्टीच्या लांबीवर, असतं. नुसता हॉलचा घेर १२ अधिक १४ गुणिले २, म्हणजे ५२ फूट. बीमच्या दोन बाजूंचे २४ त्यात वाढतात. बीमची ९ इंच रुंदी दोन्ही भिंतींवर वजा, म्हणजे दीड फूट. एकूण साडेचौऱ्याहत्तर. हे कागदावर काढून, काम सुरू व्हायच्या आधी त्याच्याकडून मान्य करून घ्या. दर ठरतो, माप ठरत नाही, आणि भांडण नेहमी मापावर होतं.

कामाचा क्रम: जुना रंग पट्टीच्या रुंदीएवढा खरवडायचा, प्लास्टरला टाचे मारायचे (छिन्नीने खरखरीत करायचं), पाणी मारायचं, मग पीओपी. रंगावर पीओपी धरत नाही. आज धरल्यासारखा वाटतो आणि सहा महिन्यांनी अख्खा तुकडा सोफ्यावर येतो. जड तुकड्यांना गिट्टी-स्क्रू (भिंतीत खुंटी बसवून त्यात स्क्रू) मारायला सांगा, तीन इंचीलाही दोन-अडीच फुटांवर एक असावा. पूर्ण सुकल्याशिवाय प्रायमर नाही. हाताला गार लागतंय तोवर आत पाणी आहे.

---

पिस्ता | १३ ऑक्टोबर, सकाळी ११.००

रंग कुठला देणार त्या पट्टीला? सगळे डोळे मिटून पांढरा देतात. पट्टी पांढरी दिली की छत तीन इंच भिंतीवर उतरल्यासारखं वाटतं, भिंत तेवढी बुटकी. उलट भिंतीच्याच रंगात दिली तर भिंत वर चढून छतावर जरा वळल्यासारखी वाटते. कमी उंचीच्या खोलीत हाच उपाय. आमच्याकडे असाच केलाय.

---

चुना_सुरखी | १३ ऑक्टोबर, दुपारी १२.३०

पिस्ता, भिंत फिकट असेल तर बरोबर. गडद असेल तर छताची पांढरी पाटी कापून वर ठेवल्यासारखी दिसते. गुलबक्षींच्या केसमध्ये बीम छताच्या रंगात जाणार असेल तर बीमवरची पट्टी भिंतीच्या रंगात कशी द्यायची? चौकोनाच्या तीन बाजू एका रंगाच्या आणि चौथी दुसऱ्या, असं होईल. पांढरीच बरी.

---

बिनभिंतीचा | १३ ऑक्टोबर, दुपारी १२.४५

त्यात एलईडीची पट्टी टाका ना. निळी. विमानात बसल्यासारखं वाटेल.

---

सागवान | १३ ऑक्टोबर, रात्री १०.००

दिवे टाकायचे तर ही पट्टी नाही चालत. ती छतापासून चार इंच खाली, वरून उघडी लावावी लागते, आणि त्या पन्हाळीत वर्षभरात काय काय साठतं ते मी उघडून बघितलं आहे. धूळ, कोळिष्टकं, पालीची अंडी, एकदा तर राखी. शिवाय १२ व्होल्टच्या पट्टीची पाच मीटरची दोन रिळं एकापुढे एक जोडली की टोकाकडचा उजेड मंदावतो, प्रत्येक रिळाला वेगळी वायर आणावी लागते. हौस असेल तर जरूर करा, पण पिवळा उजेड, ३००० केल्विनचा. निळा विमानातच राहू द्या.

---

गुलबक्षी | ६ डिसेंबर, रात्री ९.५०

धागा वर काढतेय. काम दिवाळीच्या आधी झालं, पण मुद्दाम थोडे दिवस जाऊ दिले, काय फाटतंय काय तुटतंय ते बघून लिहावं म्हणून.

रंगाऱ्याला सोडून पीओपीवाला वेगळा बघितला. दोघं जण, तीन दिवस. पहिला दिवस नुसता खरवडण्यात आणि टाचे मारण्यात गेला. त्या दिवशीची धूळ मला परवा पुस्तकांच्या कपाटाच्या बंद दाराआड सापडली. ज्यांना करायचंय त्यांनी कपाटाच्या फटींना आधी टेप लावा, नुसती चादर टाकून भागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लेव्हल बघायची पाण्याची नळी धरून चारी कोपरे तपासले आणि मोठ्या कारागिराने मला आत येऊन विचारलं, "मॅडम, लेव्हल धरू का स्लॅब धरू?" खिडकीपासून दारापर्यंत आमचा स्लॅब पाऊण इंच उतरता निघाला. तीस वर्षं त्याखाली राहतोय. लेव्हल धरली तर एका टोकाला पट्टी आणि छत यांच्यात पाऊण इंच फट. स्लॅब धरला तर पट्टीच तिरकी. मी सागवानना फोनवरून निरोप टाकला, त्यांचं उत्तर येईपर्यंत कारागिरानेच उत्तर दिलं. म्हणाला, बीम आहे ना मध्ये, दोन्ही चौकोन आपापल्या स्लॅबला धरून करतो. सलग चौदा फूट रेष कुठे दिसणारच नाही, कुणाला कळेल? आणि खरंच कळत नाही. ज्या बीमला दोन महिने शिव्या दिल्या त्यानेच वाचवलं.

मापावर भांडण झालं, अर्थात. तो ८० म्हणाला, मी साडेचौऱ्याहत्तरचा कागद काढला. तो म्हणाला कोपऱ्यांची मेहनत वेगळी, आठ कोपरे आहेत. हे मला पटलं, कारण कोपरे त्याने हातानेच घडवले होते आणि चुना_सुरखी यांनी लिहिल्यावर मी फक्त कोपरेच बघत होते. ७६ वर मिटलं.

फसलेलं दोन ठिकाणी. एक, खिडकीच्या भिंतीला पडद्याचा रॉड पूर्वी छताला लागूनच होता. तीन इंच पट्टी पुढे आल्यावर जुने ब्रॅकेट तिथे बसेनात, पडदा पट्टीवर घासून मध्येच फुगतो. आता पट्टीच्या खाली, लांब दांड्याचे नवे ब्रॅकेट लावले आणि पडदे चार इंचांनी लांब पडले. शिवायला टाकलेत. हे कुणीच आधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

दुसरं, पाचव्या आठवड्यात पट्टीच्या खालच्या कडेला, भिंतीशी, केसासारखी फट आली. सगळीकडे नाही, बीमच्या उजव्या अंगाला आणि दाराच्या वर.

रंग: पट्टी पांढरी, बीम पांढरा, भिंत फिकट ताकाच्या रंगाची. नदीकाठ गेला.

---

सागवान | ६ डिसेंबर, रात्री १०.३५

निरोप बघितला तेव्हा मी लोणावळ्याच्या घाटात होतो. मी अर्धं-अर्धं वाटून घ्या म्हणणार होतो. त्याचं उत्तर माझ्यापेक्षा चांगलं. नंबर मला व्यक्तिगत निरोपातून द्या.

फटीची काळजी नको. थंडीत हवा कोरडी झाली, पीओपी आणि प्लास्टर वेगवेगळं आक्रसतं. लांबी (रंगाऱ्याची पुट्टी) भरू नका, ती कडक असते, पुन्हा तिथेच तुटेल. रंग घेणारं ॲक्रिलिक सीलंट आणा, नळीचं तोंड बारीक कापा, फटीवर ओढा, ओल्या बोटाने पुसून घ्या. सिलिकॉन आणू नका, त्यावर रंग धरत नाही. घाई नको, फेब्रुवारीत भरा. तोवर जेवढी उघडायची तेवढी उघडू दे.

---

खडूस_काका | ७ डिसेंबर, सकाळी ८.१५

कारागिराने "लेव्हल धरू का स्लॅब धरू" विचारलं, हे वाचून मी चहा बाजूला ठेवला. न विचारता करणारे ढीगभर बघितलेत. गोलाई साधी ठेवलीत, त्याबद्दल तक्रार नाही. आमच्या धाकट्याच्या फ्लॅटमध्येही तीन इंचीच बसेल का? उंची नऊला एक इंच कमी आहे. विचारून ठेवतो. मला स्वतःला नको आहे.

---

सागवान | ७ डिसेंबर, सकाळी ८.४०

काका, नियमाप्रमाणे राहत्या खोलीला २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट आणि वर थोडं, हवेत. जमिनीवर नवीन फरशी चढवलेली असणार. अडीच इंची घ्या. आणि आधी पुठ्ठा.

---

बिनभिंतीचा | ७ डिसेंबर, सकाळी ९.००

मूळ प्रश्न राहिला. पाल?

---

गुलबक्षी | ७ डिसेंबर, रात्री ९.१०

आहे. ट्यूबलाइटच्या मागे, जुन्याच जागी. नव्या पट्टीकडे फिरकलीसुद्धा नाही.